जुने नेकटाय : संग्रह, कालनिर्णय व परिधान

इ. स. १७६९ च्या मे महिन्यांत होरेस वॉल्पोल या इंग्रज संग्राहकानें लंडनजवळील स्ट्रॉबेरी हिल येथील आपल्या वाड्यांत कांहीं परदेशी पाहुण्यांस बोलाविलें होतें. त्यांच्या स्वागतास तो दाराशीं उभा राहिला तेव्हां त्याच्या हातांत पहिल्या जेम्स राजाचे जुने भरतकामाचे हातमोजे होते, व गळ्यांत एक जाळीदार क्रॅव्हॅट, म्हणजे गळ्याभोवतीं बांधावयाचें वस्त्र, होतें. हें वस्त्र मात्र कापडाचें नव्हतें. ग्रिन्लिंग गिबन्स या कारागिरानें सुमारें इ. स. १६९० मध्यें तें लाकडांत कोरलें होतें. व्हेनिस येथील सुईकामाच्या जाळीचा वेल न् वेल त्यांत इतका बारीक उतरला आहे कीं दुरून पाहणारास तें लाकूड आहे हें सांगूनहि पटणार नाहीं. इंग्लंडांतील खेड्यांतले सरदार असाच पोषाख करीत असावेत अशी पाहुण्यांच्या नोकरांची समजूत झाली, हें वॉल्पोलनेंच आपल्या मित्रास पत्रांत लिहिलें आहे. तो लाकडी क्रॅव्हॅट आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत सुरक्षित आहे. गळ्याचें जुनें वस्त्र संग्रहीं ठेवावयाचें व प्रसंगीं तें गळ्यांत घालून मिरवावयाचें, या नादाचा याहून नामी दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

मोडी दफ्तरें, ताम्रपट व नाणीं यांच्या विवेचनास वाहिलेल्या त्रैमासिकांत नेकटायासारख्या विषयाला जागा काय, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यास आमचें उत्तर असें कीं, जुना नेकटाय हा एक मितीवांचूनचा कागद आहे. त्यावर शक नाहीं, संवत्सर नाहीं, बहुधा धन्याचें नांवहि नाहीं. परंतु कागद, शाई व वळण यांवरून जसा आपण पत्राचा काळ काढतों, तसाच कापड, काप व शिवण यांवरून नेकटायाचा काळ काढतां येतो. आमच्याकडे हा प्रश्न केवळ कौतुकाचा राहिला नाहीं. आमच्या घरीं आजोबांचा म्हणून एक तांबड्या-काळ्या रेशमाचा टाय जपून ठेवलेला आहे. पंचम जॉर्ज बादशहा ता. २ डिसेंबर १९११ रोजीं मुंबईस अपोलो बंदरावर उतरले, त्या दिवशीं गर्दींत उभे राहतांना आजोबांनीं हाच टाय बांधला होता, अशी घरची परंपरा आहे. ती परंपरा टिकते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्हांस या विषयांत उतरावें लागलें. त्याचा निकाल पुढें येईल.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. सतराव्या शतकांतील तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८–४८) फ्रान्सच्या चाकरींत क्रोएशियाचे घोडेस्वार होते. त्यांच्या गळ्याभोवतीं बांधलेलें वस्त्र फ्रेंचांना आवडलें व क्रोएट लोकांच्या नांवावरून त्यास ‘क्रॅव्हॅट’ हें नांव पडलें, ही व्युत्पत्ति बहुतेक मान्य करतात. चौदाव्या लुईच्या दरबारांत त्याला जाळीची झालर आली. ता. ३ ऑगस्ट १६९२ रोजीं स्टेनकर्कच्या लढाईंत फ्रेंच अंमलदारांना गांठ नीट बांधण्यास सवड मिळाली नाहीं, म्हणून त्यांनीं वस्त्राला पीळ देऊन टोंक कोटाच्या काजांत खोंवलें, व त्या घाईचीच पुढें फॅशन झाली, अशी आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रमेल नांवाच्या छानछोकी गृहस्थानें पांढऱ्या कांजीच्या गळवस्त्राचें प्रस्थ वाढविलें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आज आपण ज्यास नेकटाय म्हणतों ती लांब, अरुंद व साध्या सरकगांठीनें बांधावयाची पट्टी रूढ झाली. क्रॅव्हॅटची चित्रें पुष्कळ आहेत, पण संग्राहकाच्या हातीं प्रत्यक्ष वस्तु येते ती बहुतकरून या शेवटच्या जातीची.

या इतिहासांत आपल्या देशाचा जो अंश आहे तो मात्र इतक्या घाईनें ओलांडणें बरें नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील सामान्य माणूस, खलाशी, गाडीवान, मुष्टियोद्धा, गळ्याभोवतीं जो रंगीत रुमाल बांधी त्याचें नांव ‘बँडॅना’. हा शब्द आपल्या ‘बांधणें’ याच धातूचा आहे. कापडाला जागोजागीं दोऱ्यानें घट्ट बांधून रंगांत बुडवावयाचें, म्हणजे बांधलेल्या जागीं पांढरा ठिपका राहतो. ही बांधणीची रीत, व तींतून निघालेले रेशमी रुमाल बंगालमधून कंपनीच्या जहाजांनीं विलायतेस जात. गंमत अशी कीं, इ. स. १७०० च्या कायद्यानें हिंदुस्थान, इराण व चीन येथील विणलेलें रेशीम इंग्लंडांत वापरण्यास बंदी होती. माल लंडनला उतरे, परदेशीं पाठविण्याच्या अटीवर विकला जाई, आणि चोरवाटेनें परत येऊन इंग्रजांच्याच गळ्यांत पडे. परकी रेशमावरील ही बंदी इ. स. १८२६ मध्यें उठली. तोंवर जेम्स बेल्चर या मुष्टियोद्ध्याच्या (१७८१–१८११) गळ्यांतील निळ्या भूमीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रुमालाला त्याचेंच नांव पडलें होतें, व ग्लासगो येथें हेन्री मॉन्टिथ यांच्या कारखान्यांत तांबड्या सुती कापडावर रंग उडवून पांढरे ठिपके काढण्याची नक्कल जोरांत चालली होती. आज निळ्या टायावर पांढरे ठिपके पाहून कोणास बांधणीची आठवण होत नाहीं. तीच गोष्ट कोयरीची. काश्मिरी शालीवरची कोयरी स्कॉटलंडांतील पेझ्ली गांवच्या मागांवर गेली, त्या गांवाचें नांव घेऊन जगभर फिरली, आणि मंजिष्ठेच्या मातकट तांबड्या रंगांत छापलेल्या टायांवर विलायती नक्षी म्हणून आपल्याकडे परत आली.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. टाय हातीं आला कीं पुढची नक्षी पाहूं नये, तो पालथा घालावा. नक्षी फसवी असते. ती पुनःपुन्हा छापली जाते. पाठ सहसा खोटें बोलत नाहीं.

पाठीवर पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे काप. जुन्या काळीं टायाचें कापड पुष्कळदां उभ्या धाग्यांतच कापीत. असा टाय गांठ मारतांना पिळवटतो, सोडल्यावर सुरकुत्या धरून ठेवतो व लौकर फाटतो. न्यूयॉर्क येथील जेसी लँग्सडॉर्फ या कारागिरानें यावर तोड काढली. कापड उरेब, म्हणजे धाग्याशीं पंचेचाळीस अंशांचा कोन करून, कापावयाचें व तीन तुकडे जोडून एक टाय करावयाचा. उरेब कापाला रबराप्रमाणें थोडी ताण असते; गांठ सुटली कीं टाय पूर्ववत् सरळ होतो. या सुधारणेचें वर्ष कोणी १९२४ देतात, कोणी १९२६. आमच्या कामाला दशक पुरेसें आहे. उरेब कापणें त्यापूर्वीं कोणास ठाऊकच नव्हतें असें नाहीं, परंतु उरेब काप व तीन तुकडे हीं दोन लक्षणें एकत्र दिसलीं कीं १९२० पूर्वींचा काळ सांगणारानें दुसरें बळकट प्रमाण पुढें केलें पाहिजे. जोड ओळखण्यास टाय गळ्याशीं येतो त्या अरुंद भागावर बोट फिरवावें. तिरपी शिवण हातास लागते.

दुसरी गोष्ट पाठीची मधली शिवण. चांगल्या टायांत ती हातानें, सैल व लांब टांक्यांनीं घातलेली असते, आणि आंत एका टोंकाशीं त्याच धाग्याचा लहानसा फांसा मोकळा सोडलेला असतो. टाय ताणला कीं कापड या धाग्यावर पुढें-मागें सरकतें व धागा तुटत नाहीं. हा फांसा जादा दोरा समजून कातरणारे सद्गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. सहा महिन्यांत त्यांच्या टायाची पाठ उसवते.

तिसरी गोष्ट लेबल, व तें पोथीच्या पुष्पिकेसारखेंच वाचावें, म्हणजे विश्वास ठेवून परंतु डोळे उघडे ठेवून. अमेरिकेंत १९५८ सालीं कायदा होऊन मार्च १९६० पासून कापडांतील तंतूंचें नांव व प्रमाण लेबलावर देणें सक्तीचें झालें. म्हणून अमेरिकन टायावर तंतूंचा शेंकडा प्रमाणांत स्पष्ट निर्देश असेल तर तो बहुधा त्यानंतरचा. ब्रिटनमध्यें दोन चंद्रकोरींसारख्या ‘सी’ अक्षरांचा व ४१ आंकड्याचा छाप दिसला तर तो माल युद्धकाळांतील सरकारी काटकसरीच्या योजनेंतला, म्हणजे १९४१ ते १९५२ यांमधला. ‘रेयॉन’ हें नांवच १९२४ सालीं प्रचारांत आलें. त्यापूर्वीं तेंच कापड कृत्रिम रेशीम म्हणून विकलें जाई. लेबल मात्र एका टायाचें काढून दुसऱ्यास लावतां येतें, हें कोणीं विसरूं नये. लेबलाचा धागा व पाठीचा धागा ताडून पाहावे.

लेबलावर भरंवसा नसेल तर तंतु स्वतः बोलतो. आंतल्या शिवणीच्या दुमडींतून एकच धागा काढून चिमट्यांत धरावा व जाळावा. रेशीम व लोंकर यांना केस जळल्याचा वास येतो व राख बोटांत चुरडते. रेयॉन कागदाप्रमाणें भुरकन् जळतो. पॉलिस्टर वितळून कठीण मणी होतो. हा तंतु १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिन्फील्ड व डिक्सन यांनीं शोधला व बाजारांत आला तो १९५० च्या सुमारास, तेव्हां धागा पॉलिस्टरचा ठरला कीं त्यापूर्वींच्या काळाचा वादच मिटतो.

रुंदी व लांबी यांवरून काळ सांगण्याची पद्धत संग्राहकांत फार लोकप्रिय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत चार-साडेचार इंच रुंदीचे, मोठ्या चित्रविचित्र नक्षीचे टाय निघाले. १९५० नंतर ते आटत जाऊन १९६० च्या सुमारास दीड-दोन इंचांवर आले. मग लंडनमध्यें मायकेल फिश यानें १९६६ च्या सुमारास पुन्हा रुंद टाय काढला व पुढील दशक त्याच्या मागें गेलें. म्हणजे चार इंचांचा टाय १९४८ चाहि असूं शकेल व १९७२ चाहि. या दोघांत निवड करण्यास लांबी उपयोगीं पडते. चाळिशीच्या दशकांतले टाय पन्नास-बावन्न इंचांचे असत, कारण विजार बेंबीच्याहि वर नेसत व त्यावर जाकीट असे. नंतरचे सत्तावन्न-अठ्ठावन्न इंचांपर्यंत वाढले. जुना टाय बांधला कीं पोटावर आंखूड पडतो अशी तक्रार करणारांनीं टायाला दोष न देतां विजार वर ओढावी.

पट्ट्यांचा टाय घेणारानें आणखी एक सावधगिरी ठेवावी. इंग्लंडांत असे पट्टे पुष्कळदां एखाद्या पलटणीचे, शाळेचे किंवा क्रिकेट संघाचे ठरलेले रंग असतात. आय झिंगारी हा क्रिकेट संघ १८४५ सालीं निघाला व त्यानें काळा, तांबडा व सोनेरी हे रंग घेतले. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजांतील नावाड्यांनीं १८८० सालीं टोप्यांवरच्या रंगीत फिती काढून गळ्यांत बांधल्या, हीहि कथा प्रसिद्ध आहे. अशा टायावर आपला हक्क नसतां तो बांधणें म्हणजे दुसऱ्याचा शिक्का आपल्या पत्रावर उठविण्यासारखें तिकडे समजतात. हे पट्टे घालणाराच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे खालीं उतरतात. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या दुकानानें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांची दिशा मुद्दाम उलटी केली, म्हणून अमेरिकन व इंग्रज टाय दुरूनहि ओळखूं येतात.

आतां आमच्या घरच्या टायाचा निकाल. आम्हीं तो पालथा घातला. काप उरेब, जोड दोन, म्हणजे तुकडे तीन, लांबी पावणेएकावन्न इंच. पाठीचा धागा जाळून पाहिला तों मणी झाला. येथें क्षणभर आमची धांदल उडाली, कारण त्या हिशेबानें टाय आजोबांच्या निधनानंतरचा ठरत होता. परंतु भिंगाखालीं पाहतां असें दिसलें कीं, हा धागा मूळ शिवणीच्या भोंकांतून गेलेला नाहीं. जुनीं भोंकें रिकामीं शेजारीं आहेत. म्हणजे पाठ पुढें केव्हांतरी कोणीं पुन्हा शिवली. पोथींत मागाहून घातलेल्या ओळीवरून सबंध पोथी अर्वाचीन ठरविणें जसें चूक, तसेंच हें झालें असतें. रुंद टोंकाच्या आंतल्या अस्तराला मूळ धागा राहिला होता, व तो रेशमाचाच निघाला. कापड व काप मात्र दुरुस्तींत बदलत नाहींत. सबब हा टाय विसाच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वींचा मानण्यास आधार नाहीं. त्याची लांबी पाहतां तो पन्नासनंतरचाहि नसावा. १९११ सालीं अपोलो बंदरावर तो असणें फारच कठीण दिसतें.

हें आम्हीं घरीं सांगितलें तेव्हां आमच्या थोरल्या आत्याबाईंनीं एवढेंच विचारलें कीं, “मग त्या दिवशीं दादा उघड्या गळ्यानें गेले होते काय?” प्रश्न वाजवी आहे. आजोबा बंदरावर गेले नव्हते असें टायावरून सिद्ध होत नाहीं. त्यांनीं दुसरा टाय बांधला असेल, व तो झिजल्यावर त्याची आठवण या टायाला चिकटली असेल. आठवण खरी व वस्तु चुकीची, असा प्रकार दफ्तरांतहि आपण पाहतों. आपल्या प्रांतांत टाय हें केवळ साहेबी नक्कल म्हणून बांधलें जाई असेंहि नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या छायाचित्रांतील कोट व टाय पाहणाऱ्या हजारों घरांना त्या वस्त्राचा अर्थ निराळाच समजला. अशा घरांतून जुने टाय मिळतात तेव्हां ते कोणाचे, कोणत्या प्रसंगीं घेतले, हें विचारून त्याच वेळीं लिहून ठेवावें. सांगणारें माणूस गेलें कीं उरतें तें नुसतें रेशीम.

राहिला परिधानाचा प्रश्न. संग्राहकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, टाय हा गळ्यासाठींच केला आहे, पेटींत मेलेला बरा नव्हे. दुसरा प्रत्येक गांठीबरोबर पुरावा झिजतो म्हणतो. आमचा कल पूर्वीं पहिल्या पक्षाकडे होता. त्याचें प्रायश्चित्त आम्हांस दोनदां मिळालें. मुंबईच्या चोरबाजारांत घेतलेला एक काळा, जड रेशमाचा, उभ्या धाग्यांत कापलेला टाय एका समारंभास बांधला. गांठ ओढतांच तो घडीवर कागदासारखा चिरकला. कारण मागाहून समजलें. कच्च्या रेशमांतला डिंक धुऊन काढला कीं वजन जवळजवळ चौथाईनें घटतें, आणि रेशीम तर वजनावर विकलें जाई. ही तूट भरून काढण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं रेशमाला कथलाचे क्षार पाजीत. हातास तें भारी लागे, सळसळ छान करी, आणि कांहीं दशकांनीं आपोआप तडकूं लागे. अशा रेशमाला दुरुस्ती नाहीं. तें सपाट ठेवावें, घडी घालूं नये, बांधण्याचें तर नांवच नको.

दुसरी चूक सर्वस्वीं आमची. एक चार इंची टाय हल्लींच्या रीतीस शोभत नाहीं म्हणून आम्हीं शिंप्याकडून अरुंद करून घेतला. शिंप्यानें काम सुबक केलें. परंतु मूळ शिवण, आंतलें लोंकरीचें अस्तर व लेबल हीं तिन्ही कातरणांबरोबर गेलीं. तो टाय आतां कोणत्याहि काळाचा नाहीं. पोथीची पानें बांधणींत बसेनात म्हणून समास कापणाऱ्या बांधणाऱ्याला आम्ही आजवर बोल लावीत आलों होतों.

म्हणून आमची आजची वहिवाट अशी. ज्या टायाचा काप उरेब आहे, रेशीम चिवट आहे व ज्याच्या जोडीचे दुसरे मिळूं शकतात, तो बांधावा. गांठ लहान व साधी असावी. रुंद विंडसर गांठीचा जनक म्हणून विंडसरच्या ड्यूकचें नांव घेतात, पण ती गांठ आपण कधीं बांधलीच नाहीं, आपले टायच आंतून जाड शिवलेले असत, असा खुलासा त्यानेंच १९६० सालच्या आपल्या पुस्तकांत केला आहे. केंब्रिज येथील फिंक व माओ या दोन पदार्थविज्ञान्यांनीं १९९९ सालीं गणितानें ८५ गांठी मोजल्या. जुन्या रेशमाला त्यांतली एक पुरे. सोडतांना अरुंद टोंक ओढून काढूं नये. ज्या क्रमानें बांधली त्याच्या उलट क्रमानें गांठ सोडावी, मग टाय सैल गुंडाळून एक रात्र ठेवावा. इस्त्री लावूं नये. टायाची गोलाई चपटी झाली कीं परत येत नाहीं. पाण्यानें धुऊं नये, कारण आंतली लोंकर आटते व बाहेरचें रेशीम फुगून राहतें. कसर लागते ती रेशमास क्वचित्, लोंकरीच्या अस्तरास नेहमीं; तेव्हां पेटी उघडल्यावर टायाचें पोट चाचपून पाहावें.

आजोबांचा टाय आम्ही बांधीत नाहीं. पुन्हा शिवलेल्या पाठीचा धागाहि तसाच ठेवला आहे. टायाबरोबर एक चिठ्ठी आहे. तीवर वर आत्याबाईंच्या तोंडची हकीकत त्यांच्याच शब्दांत व खालीं आमचें माप, काप व धाग्याची परीक्षा दिनांकासह लिहिली आहे. आत्याबाईंनीं ती वाचून वरच्या मजकुराखालीं आपली सही केली; खालच्या मजकुराखालीं केली नाहीं.